पुढची सीट

अँबॅसिडरची पुढची सीट चार बोल्टांवर बसलेली असते, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. त्यातले तीन सुटले. चौथ्याने दोन दिवस खाल्ले. डहाणूची खारी हवा लोखंडाला सुखाने जगू देत नाही, आणि ही गाडी तर बाबा गेल्यापासून आमच्या वाडीतल्या चिकूखाली उभी. नवरा दर रविवारी ती सुरू करतो, वाडीला एक फेरी मारून आणतो आणि परत झाडाखाली लावतो, तेवढाच तिचा व्यायाम. तो शाळेत विज्ञान शिकवायचा. निवृत्त झाला तरी प्रत्येक काम आधी फळ्यावर लिहिल्यासारखं समजावून सांगतो आणि करायचं मात्र दुसऱ्यावर सोडतो. त्याने मला गंज म्हणजे काय ते सांगितलं. मी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणली, बोल्टाच्या मुळाशी रिकामी केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पान्याला हिसडा दिला. बोल्ट कुरकुरत फिरला.

सीट दोघांनी उचलून पडवीत आणली. पडवीत माझी आई खुर्चीत डुलक्या घेत होती. कमरेचं हाड मोडल्यापासून ती माझ्याकडेच असते. दोघांनी धरून उठवावं लागतं, दोघांनी धरून बसवावं लागतं. तिने डोळे उघडले, सीटकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली. गाडीच्या आत असते तेव्हा सीटचा अंदाज येत नाही. बाहेर उजेडात ती पलंगासारखी लांबलचक दिसत होती.

"केवढी मोठी हाय गो," आई म्हणाली. "चार बायका बसल्या असत्या."

ती कशाबद्दल बोलतेय ते मला ठाऊक होतं. ही सगळी खटपट त्याच्यासाठीच चालली होती.

आई धाकटी डहाणू गावातली, मासळी विकणारी. मी पाचवीत असताना बाबांनी होडीतली भागी सोडली आणि ही गाडी जुनी घेतली. आठवडी बाजाराच्या दिवशी ते सुकी मासळी आणि ती विकणाऱ्या बायका भरून तलासरीला न्यायचे. पुढे बाबा, आई आणि आणखी एक जण. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच, त्यामुळे मधे कुणाचे पाय अडत नाहीत, तिघं खुशाल बसतात. मागे बायका, आणि त्यांच्या मांडीवर, पायाशी, डिकीत, टपावर टोपल्या. शाळेला सुट्टी असली की मीही. चिखले, घोलवड करत गाडी पूर्वेला वळली की समुद्राचा वास मागे राहायचा आणि बोंबलाचा सोबत यायचा.

त्या बाजारात आईची एक मैत्रीण होती. टेकडीवरच्या गावातली, भात-नागली पिकवणारी. आई तिला बोंबील नि जवळा द्यायची, ती आईला तांदूळ, नागली, चवळीच्या शेंगा. मी तिला मावशी म्हणायचे. एका सणाला ती आमच्याकडे आली होती तेव्हा खाडीच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहून एकटीच हसत होती. पाय ओढतंय, म्हणत होती, पाणी पाय ओढतंय. आईला सख्ख्या तीन बहिणी, पण मनातलं सांगायला आई आठवडाभर थांबायची आणि तलासरीला जाऊन सांगायची.

मी नववीत होते. गणपतीची सुट्टी, पावसाची रिपरिप. वाटेत चाक बसलं म्हणून आम्हाला उशीर झाला होता. तलासरीच्या अलीकडच्या चढावर मावशी रस्त्याच्या कडेला उभी दिसली. डोक्यावर इरलं, कमरेवर तिची चार वर्षांची पोर, पोरीची मान तिच्या खांद्यावर पडलेली. बाबांनी गाडी हळू केली. मावशी खिडकीशी आली आणि म्हणाली, पोर तापलीय, दवाखान्यापर्यंत सोड. त्या दिवशी पुढे बाबा आणि आई दोघंच होते. तिसरी बाई आली नव्हती, आणि तिच्या जागेवर आईने जवळ्याची टोपली ठेवली होती. टपावर ठेवली असती तर जवळा भिजला असता. एवढंच कारण. आई म्हणाली, "जागा नाय बाय. माल उतरवून लगेच गाडी धाडते." आणि बाबांना म्हणाली, "चला."

बाबा खरंच परत गेले. चढावर कुणी नव्हतं. मावशी पोरीला घेऊन आडवाटेने चालत निघाली होती. तिसऱ्या दिवशी पोर गेली. पाचव्या दिवशी त्या गावची एक बाई भाजी घेऊन डहाणूच्या बाजारात आली, तिच्याकडून आईला कळलं. आई त्या आठवड्यापासून तलासरीला गेली नाही. सांत्वनालाही गेली नाही. मासळी डहाणूत विकायला लागली आणि मावशीचं नाव घरात काढायचं बंद झालं.

माझाही वाटा सांगून टाकते. मी मागच्या सीटवर होते. टोपली मी मांडीवर घेते, असं मी म्हणू शकले असते. चौदा वर्षांच्या मुलीला एवढं कळतं. मी नेहमीसारखी मावशीकडे बघून हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

त्याला अडतीस वर्षं झाली. या उन्हाळ्यात मावशीची सून करवंदं विकायला डहाणूला आली होती. मी करवंदं घेताना गाव विचारलं, मग घर विचारलं, तेव्हा ते मला कळलं. सून म्हणाली, सासू आता जास्त उठत नाही, जेवणही तुटलंय. मी घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं होतं, गप्प बसेल. ती म्हणाली, "गाडी चालते का?"

गाडी चालत होती. पण पुढच्या सीटची स्प्रिंग वर आली होती आणि काथ्याचा भुगा खाली सांडत होता. नवरा समजुतीने म्हणाला, "आई, मागची सीट धड आहे, मागे आरामात बसू." आई त्याच्यावर कधी आवाज चढवत नाही, जावई ना. पण त्या दिवशी चढवला. "पुढच्याच सीटवर," ती म्हणाली. "जागा नाय सांगितलं ती पुढं. तिला तिथंच बसवायची, आन मंग खरं काय ते बोलायचं." तिला एवढंच हवं होतं. आणि भीतीही एकच होती. दिवसातून चारदा विचारायची, "बसंल का गो ती?"

मला काय ठाऊक? मी म्हणायचे, बसेल. मोडका का होईना, धीर द्यायला माझं काय जातंय.

दुसऱ्या दिवसापासून मी सीट सोलायला घेतली. सोलणंच ते. बाबा जन्माने होडीवाले; होडीचा जुना रंग कुणी पुरता खरवडत बसत नाही, त्यावरच नवा चढवतात. सीटचंही त्यांनी तेच केलं होतं. वरचं तपकिरी रेक्झिन उसवलं तर खाली हिरवं निघालं. हिरवं उसवलं तर खाली आणखी एक, मरून. तीन सीटा एकावर एक बसलेल्या. दुपारची वेळ, वाडीत चिकू उतरवणाऱ्या माणसांची दूरवरची बोलणी, समुद्राकडून येणारा गरम वारा, आणि त्या मरून रेक्झिनमधून अचानक सुक्या जवळ्याचा वास आला. इतका ताजा, की मी शिवण उसवायची थांबले. मला क्षणभर वाटलं, आता बाबा हॉर्न वाजवतील आणि मी चप्पल शोधत धावेन.

"बघू," आई म्हणाली.

मी तो तुकडा तिच्या मांडीवर ठेवला. डाव्या बाजूला मिठाचा पांढरा डाग होता, टोपलीच्या बुडाएवढा गोल. आईने त्यावर हात ठेवला. मी रडायच्या बेतात होते. मग म्हटलं, "हा ठेवून देऊ का जपून?"

"कशाला? पूजा करायला?" आई म्हणाली. "टाक तिकडं."

माझा सूर रडवेला झाला की ही बाई हमखास असं काहीतरी बोलते. मी तुकडा टाकून दिला.

काथ्या झटकला, नवा आणला. स्प्रिंगा गंजल्या होत्या पण मेल्या नव्हत्या. त्या एकमेकींना दोरीने बांधायच्या असतात, नाहीतर जी ती आपल्या मनाला येईल तिकडे झुकते आणि सीट डगमगते. नवरा गाठींची आकृती काढायला बसला. आई म्हणाली, इकडे आणा. तिच्या बापाने तिला लहानपणी जाळं शिवायला बसवलं होतं. मी नायलॉनचं जाळ्याचं सूत आणून दिलं आणि सीटचा सांगाडा तिच्यापुढे स्टुलावर टेकवला. ती डोळे अर्धे मिटून गाठी मारायला लागली. तिचे हात जागे होते आणि ती झोपेत होती, असं ते चाललं होतं. मधेच तोंडाने पुटपुटायची. कधी समुद्राला उधाण कितीचं ते, कधी एखाद्या मेलेल्या माणसाला हाक. संध्याकाळी स्प्रिंगांवर हात दाबून पाहिला तर सगळ्या एकदम खाली गेल्या आणि एकदम वर आल्या.

"आता कवर माझ्याकडे," मी म्हटलं, आणि तिथेच माझी फजिती सुरू झाली.

तीस वर्षं मी डहाणूच्या बायकांची ब्लाउजं शिवते. माझ्या मापाला कुणी नाव ठेवलेलं नाही. रेक्झिनचा रंग आईने निवडला, मोरपंखी. सीटला मी टेप लावली, लांबी, रुंदी, उंची, कडेचा गोल, सगळं वहीत लिहिलं. अठरा नंबरची सुई लावली. दोन मोडल्या, तिसरी टिकली. कडेला पायपिंग घातलं. अशी शिवण घातली की सीटच्या बापाने पाहावी. आणि कवर सीटवर चढवलं तर सीट म्हणजे आजारातून उठलेली बाई लग्नाआधीचा ब्लाउज घालून उभी. सगळीकडे चुण्या. इकडून ओढलं की तिकडे झोळ, तिकडून ओढलं की इकडे. मी चार वेळा उसवलं आणि चार वेळा शिवलं. नवरा हसला नाही, पण चष्मा काढून पुसायला लागला. म्हणजे तेच.

"माप चुकलंय," तो म्हणाला.

"माझं माप चुकत नाही," मी म्हटलं, आणि संध्याकाळचा चहा त्याच्यापुढे जरा जोरातच ठेवला.

शेवटी ते कवर पिशवीत घालून एकटीच तलासरीला गेले. तिथे हायवेच्या कडेला ट्रकच्या सीटा करणारा एक म्हातारा बसतो. मूळचा गुजरातचा, पण हयात इथेच गेलेली. आल्यागेल्या ड्रायव्हरशी त्याच्या त्याच्या भाषेत बोलतो. मागे ट्रक धडधडत जात होते, आणि हा शांतपणे दातात सुतळी धरून बसला होता. त्याने माझं कवर उलटसुलट पाहिलं, शिवणीवर नख फिरवलं आणि मान डोलावली.

"शिलाई फस्क्लास हाय, बेन," तो म्हणाला. "पण तुम्ही ब्लाउज शिवता काय?"

मी गार झाले. "कशावरून?"

"लूज ठेवलाय. दीड दीड इंच." तो हसला. "माणसाला लूज ठेवायचा, माणूस श्वास घेते. सीट कुठे श्वास घेते? सीटचा कपडा कमी कापायचा. प्रत्येक बाजूने एक इंच कमी. मग उन्हात ठेवायचा, नरम होऊ द्यायचा, आणि दोघांनी दोन बाजूने ओढायचा. ओढल्याशिवाय बसत नाय."

तीस वर्षांच्या सवयीने माझ्या हाताने न विचारता लूज ठेवला होता. वहीत माप बरोबर, आणि कात्री लावताना प्रत्येक रेघेच्या बाहेर दीड इंच. मला कळलंसुद्धा नव्हतं. मी हसायला लागले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले, हायवेवर, एका परक्या म्हाताऱ्यासमोर. त्याने ते न पाहिल्यासारखं केलं. मग म्हणाला, सीट इकडे आणा, ही अख्खी जुनी काढून दोन वेगळ्या नव्या बसवतो, मधे पाण्याची बाटली ठेवायला जागा होते. मी म्हटलं, नको काका, मधे काही नको.

"बरं, मग एक करा," तो म्हणाला. "ओढताना सीटवर कुणालातरी बसवा. स्प्रिंग दबली की कपडा पोचते."

तिथून मावशीचं गाव फार लांब नव्हतं. रिक्षावाला समोर उभा होता. पण मी एकटी जाऊन काय सांगणार होते? मी डहाणूची बस धरली.

नवं कवर मी रेघेच्या आतून कापलं. कात्री चालवताना वाटत होतं, कुणाचातरी ब्लाउज मुद्दाम बिघडवतेय. ते दुपारभर वाडीत उन्हात वाळत घातलं. शाळेतून टाकून दिलेले दोन बाक नवऱ्याने पडवीत समोरासमोर लावले, त्यावर सीट आडवी ठेवली, आणि सीटवर आम्ही आईला बसवलं, पायाखाली स्टूल देऊन. "वजन म्हणून बसवताय मना," ती म्हणाली, पण खूश होती. नवरा एका बाजूने रेक्झिन ओढायचा. मी खाली, बाकांच्या मधे पाठीवर पडून, पक्कडीने तारेच्या रिंगा आवळायचे.

त्या दुपारसारखी दुपार मला आयुष्यात फार मिळालेली नाही. खालून मला फक्त जाळी दिसत होती, आईच्या गाठींची, आणि कडेने आत येणारा मोरपंखी उजेड. बाहेर कुठेतरी कोकीळ ओरडत होता. रस्त्यावरून कुणीतरी बंदराबद्दल, जमिनीच्या मोजणीबद्दल तावातावाने बोलत गेलं आणि आवाज विरून गेला. वरून आईचा आवाज येत होता, स्प्रिंगांतून गाळून आल्यासारखा. आधी मला वाटलं, ती झोपेत बोलतेय. मग कळलं, ती पाठ करतेय.

"बाय, त्या दिशी जागा होती," ती म्हणत होती. थांबत होती. पुन्हा. "बाय, मी खोटं बोलली. टोपली होती. माणूस नव्हता." पुन्हा थांबत होती. "बाय, मना माफ कर, असं नको बोलायला. कसली माफी?" आणि पुन्हा पहिल्यापासून. नवऱ्याने ओढायचं थांबवलं होतं. मी खालून त्याच्या पायाला हात लावला, तसा तो पुन्हा ओढायला लागला. मला आईची फार दया आली, आणि रागही आला. बाई, हे तू अडतीस वर्षांपूर्वी का नाही बोललीस? बाबा होते, गाडी होती, तुझे पाय धड होते.

संध्याकाळपर्यंत एकही चुणी उरली नाही.

पुढच्या बुधवारी सकाळी निघालो. नवरा चालवत होता. आईला आम्ही पुढे बसवलं, तर ती दाराशी बसेना. मधे बसली, जावयाला चिकटून, आणि दाराकडची जागा मोकळी ठेवली. "आई, खिडकीशी बसा, वारा लागेल," नवरा म्हणाला. तिने मान हलवली. चिखले गेलं, घोलवड गेलं. गाडी पूर्वेला वळली आणि पुढे टेकड्यांचे निळसर आकार हलत हलत जवळ यायला लागले. मी मागे बसून आईच्या पांढऱ्या अंबाड्याकडे पाहत होते. त्या चढावर नवऱ्याने गिअर बदलला. हाच तो चढ, हे त्याला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून त्याने दाखवलं नाही. आई सरळ समोर पाहत होती.

मावशीचं घर गावाच्या टोकाला. गाडी सारवलेल्या अंगणाच्या कडेपर्यंत गेली. नवऱ्याने इंजिन बंद केलं आणि एकदम इतकं शांत झालं, की पानांचा आवाज आला. सून घरातून बाहेर आली, मला ओळखून हसली आणि म्हणाली, "सासू आत हाय, उन्हात येत नाय ती." पण तिच्या पाठोपाठ मावशी काठी टेकत दारात आली. मी तिला कुठेही ओळखलं असतं. उंची तेवढी कमी झाली होती. तिने गाडीकडे पाहिलं. मग काचेतून आत पाहिलं.

आईला उतरवायचं ठरलंच नव्हतं, ते शक्यही नव्हतं. तिने हात लांब करून दाराची कडी ओढली. दार उघडलं.

"बाय," ती म्हणाली. "ये. बस."

मावशी तशीच उभी. महिनाभर आई ज्या एका गोष्टीला घाबरत होती, ती आता होणार, असं मला वाटलं. मावशी वळेल आणि आत जाईल, आणि कुणीही तिला काही म्हणू शकणार नाही. मग मावशीने काठी सुनेच्या हातात दिली, अंगण ओलांडून आली, सीटवर तळवा दाबून पाहिला आणि बसली. एवढंच. पाय आत घेतले आणि दार उघडंच ठेवलं.

"मऊ हाय," ती म्हणाली.

झालं, मी म्हटलं मनात, पार पडलं. नवरा हळूच उतरून सुनेशी बोलायला गेला. मीही उतरायला पाहत होते, तेवढ्यात आई बोलायला लागली. पाठ केलेलं सगळं उलटंपालटं झालं. "टोपली होती बाय, जागा होती, जवळा भिजला असता म्हणून मी..." आणि तिचा आवाज फाटला.

"मना ठाऊक हाय," मावशी म्हणाली. "मी खिडकीतून बघितली ना टोपली."

आईने सीटची कड धरली.

"पोर वाचली असती का नसती, कोण सांगल? लय राग केला तुझा. लय वर्सं केला. मंग तो राग पन म्हातारा झाला माझ्यासंगं." मावशी समोर पाहत बोलत होती, काचेतून तिच्याच घराकडे. "पन तू बाजारात नाय आली."

"कुठल्या तोंडानं येणार होती गो मी?"

"मी आली होती. पोर जाऊन पाच दिस झाले, आन मी बाजारात आली. सगळी बोलली, घरात बस. मी नाय बसली. तुझी जागा धरून बसली. दुसरी मासळीवाली आली, तिच्यासंगं भांडली. दुपार झाली, तू नाय. पुढच्या बाजाराला परत बसली. त्याच्या पुढच्याला पन." ती थांबली. "तुना दोन शिव्या घालायच्या होत्या. आन मंग तुझ्याच गळ्यात पडून रडायचं होतं. घरात कुनापुढं रडू? सासू रडू देत नव्हती, नवरा दारू पिऊन पडलेला. तू आली नाय, मंग मी रडलीच नाय."

मला वाटतं, आयुष्यभर एका चुकीचा हिशोब मनात घेऊन बसलेल्या माणसाला कुणीतरी सांगावं, की चूक ती नव्हतीच, ती दुसरीच होती, आणि ती तू त्यानंतर रोज करत होतीस, तसं आईचं झालं. मी मागच्या सीटवरच होते.

मावशीचे खांदे हलायला लागले. आवाज आधी आलाच नाही. मग आला, आणि तो म्हातारीचा नव्हता. सून धावत आली, पण नवऱ्याने तिला हाताने थांबवलं. आईला कमरेतून वळता येत नाही, तरी ती वळली, आणि तिने मावशीला धरलं.